दवाखान्यात आलेलं धोंड्याचं वाण

समस्त आप्तेष्ट व भाविक जनांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, माझे कमरेखालचे अंग मला न विचारता निवर्तले. मी मागे राहिलो. दुखवट्याला कोणी येऊ नये, बसायला जागा नाही.

जालन्यात कापसाच्या जिनिंगवर मी मुकादम होतो. आधी पाठ दुखली. गावातल्या जाणत्याने तापल्या विळ्याने पाठीवर डाग दिले. पाठ तशीच राहिली, मात्र आता पालथंच झोपावं लागे. मग पाय जड झाले आणि एका सकाळी उठलेच नाहीत. मला हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मणक्याला क्षय झाला होता आणि आतला पू मज्जारज्जूला दाबत होता. डागांच्या जखमा चिघळल्या होत्या. त्या भरेपर्यंत डॉक्टरांना सुरी लावता येईना, आणि तेवढे दिवस पू दाबतच राहिला. शेवटी बरगडीचा तुकडा काढून त्यांनी वाट केली आणि पू काढला. क्षयाच्या नव्या सुया सुरू झाल्या आणि मला प्लॅस्टरच्या खोळीत उताणं निजवलं.

डॉक्टर म्हणाले, "आमचं काम झालं. पाय येतील, नाही तर नाही. वाट बघा."

माणसाला सगळं जमतं, वाट बघणं जमत नाही. रोज सकाळी डॉक्टर तळपायाला टाचणी टोचत, "कळतं का?" विचारत आणि मी छताकडे बघत "नाही" म्हणे. आधी मी देवाला विनवलं, मग रागावलो, मग देवाचं नाव घ्यायचाही कंटाळा आला. शेजारच्या खाटेवर एक शिंपी होते, त्यांना सगळे मास्टर म्हणत. त्यांचा आजार तोच, शस्त्रक्रियाही तीच. दोघांचं "नाही" एकापाठोपाठ एक निघे. मी नाटकी आवाजात त्यांना म्हणे, "मास्टर, चार पाय आहेत आपल्यात, एखादा तरी कामाचा निघंल." ते हसत. हसून झालं की दोघांनाही थकवा येई.

अधिक महिना संपत आला होता. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे विष्णू. त्याचे पाय धुवायचे, दिव्यासह अनारशांचं वाण द्यायचं. आता विष्णूच सासुरवाडीला येऊ शकत नव्हता, तेव्हा माझ्या सासूबाई कुंभार पिंपळगावाहून आगगाडीने दवाखान्यात येऊन थडकल्या. डोक्यावर अनारशांचा डबा, हातात गंगेच्या पाण्याचा तांब्या. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

बायको म्हणाली, "आई, इथं कशाला गं? त्यांना पायाचं काईच कळत न्हाई."

"त्यांना कळाया कशाला पाह्यजे? धुणारी मी हाये."

बाहेर पावसाळी गारठा होता. गार पाणी घालू नका, असं परिचारिकेने बजावलं. मास्टरांच्या बेगम कोपऱ्यात चहाचा स्टोव्ह पेटवून बसल्या होत्या. त्यांनी तांब्यासाठी हात पुढे केला. "लाव अम्मा, गरम करके देती मैं."

सासूबाई घुटमळल्या. सोवळ्यातलं गंगेचं पाणी होतं ते. सगळा वॉर्ड त्यांच्या तांब्याकडे बघू लागला. मग त्यांनी तांब्या देऊन टाकला. "घ्या बाई. जल्दी करा, महिना सरून राह्यला."

बेगमनी पाणी मनापासून तापवलं. जरा जास्तच. सासूबाईंनी पदराने तांब्या धरला, पायाखाली परात सरकवली आणि धार धरली. मी डोळे मिटले होते. मनात म्हणत होतो, देवा, तुझ्या नावाने पूजा घेतोय, पण आता मागायचंही त्राण नाही. तुला वाटेल ते कर.

आणि कुठून तरी फार लांबून, दुसऱ्याच्या घरात काही सांडावं तसा, एक चटका माझ्यापर्यंत आला. उजवा पाय किंचित मागे सरकला.

मी याला चमत्कार म्हणत नाही. पू निघाला होता, सुया चालू होत्या, डॉक्टरांचे हात चांगले होते. पुढे मी काठी घेऊन चालत घरी गेलो, डावा पाय अजून ओढतो. मास्टरांचे पाय मात्र आले नाहीत. ते घरी बसून हातमशिनीवर शिवत राहिले. त्यांचं देवाशी माझ्यापेक्षा जास्त बोलणं होतं. मग मलाच का, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि मी ते आता मागतही नाही. इतकंच कळलं की मी हात टेकले तेव्हा कृपा माझ्या दारात उभी होती. एकीने ती घरून आणली होती, दुसरीने तापवली होती. माझं त्यात काहीच नव्हतं. आजही पाय धुताना दोघींना मनातल्या मनात नमस्कार करतो.

त्या क्षणी मात्र बायको पायाकडे बघत रडू लागली, मास्टर कोपरावर उठू बघत होते, बेगमचा हात तोंडावर गेला होता. सासूबाईंना यातलं काहीच उमगलं नव्हतं. त्यांना दिसला फक्त मानपानाच्या वेळी पाय मागे घेणारा जावई. तांब्या तसाच धरून त्या लेकीला म्हणाल्या, "बघ गं, एवढ्या लांबून आले मी, तरी रुसलेच. आता आणखी काय पाह्यजे म्हन्ते मी यांना?"