हेलियमच्या खाली पोटॅशियम

गावातली जी पाटी लांबूनही नीट वाचता येते, ती पेंटरबाईंची, एवढं धरून चालायला हरकत नाही. दवाखाने, गॅरेज, पिठाच्या गिरण्या, बंद पडलेली दोन थिएटरं आणि अजून न पडलेलं एक, सगळीकडे त्यांचाच हात फिरलेला. वय एकसष्ट, अंग काडीसारखं, पण शिडीवर अशा चढतात की खाली उभ्या असलेल्या माणसालाच घेरी यावी. कानावर पेन्सिल, पदर खोचलेला, आणि तोंड ब्रशपेक्षा जास्त चालू. "सरळ रेघ मारायला पट्टी लागते तो शाळामास्तर, पेंटर नव्हे," असं त्या म्हणत. हे शाळेतल्या मास्तरांसमोरही म्हणत.

धंदा वडिलांचा. भावाचा हात थरथरायचा, हिचा नाही, म्हणून चौदाव्या वर्षी ब्रश हिच्या हातात आला. वडिलांनी दोन गोष्टी कानीकपाळी ओरडून शिकवल्या होत्या. पहिली, अक्षर बघायचं, अर्थ बघायचा नाही. अर्थ वाचणारा डोळा पुढे पळतो आणि हाताकडून अक्षर सुटतं. दुसरी, भिंतीला भोक ठेवायचं नाही. मोकळी जागा दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं पेंटरने कामचुकारपणा केला. या दोन नियमांवर बाईंनी सत्तेचाळीस वर्षं काढली. येत नसलेल्या लिप्यांतल्या पाट्यासुद्धा त्यांनी एका अक्षराची चूक न करता रंगवल्या होत्या.

मग फ्लेक्स आला. आणि आला तोही घरातूनच. वडिलांच्याच दुकानात भावाच्या मुलाने छपाईचं मशीन आणून बसवलं. भाचा गुणी, आत्याला मानणारा, पण बाई चाळीस पाट्या रंगवत तेवढ्यात मशीन चारशे ओकत असे. गेल्या वर्षभरात बाईंकडे आली ती फक्त दोन कामं, आणि त्यातलं एक म्हणजे कुत्र्यापासून सावध राहा. त्यामुळे शाळेच्या मोठ्या सरांनी जिन्याजवळची वीस फुटी भिंत दाखवून "इथे मूलद्रव्यांची आवर्तसारणी पाहिजे," असं म्हटलं, तेव्हा बाई दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच शिडी घेऊन हजर झाल्या.

रसायनच्या मॅडम त्या आठवड्यात रजेवर होत्या. सरांनी त्यांचा एक कागद बाईंच्या हाती दिला. बाईंनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. कागदावरचा तक्ता म्हणजे दोन्ही टोकांना बुरूज असलेली पडकी भिंत. वरच्या ओळीत या टोकाला एक घर, त्या टोकाला एक घर, मधे सगळा उजाड माळ. खाली दोन ओळी तर साफ तुटून पडलेल्या. ज्याने कोणी हा तक्ता आखला त्याला जागेचा हिशेब येत नव्हता, असं बाईंचं स्पष्ट मत झालं. त्यांनी घरं मोजली. एकशे अठरा. सतरा घरांची एक ओळ केली तर सात ओळींत बसतात आणि एकच घर उरतं. बाई खूश झाल्या. प्रत्येक चौकोनात आकडा, अक्षरं, नाव, खाली वजन, सगळं कागदाबरहुकूम. फक्त घरं शेजारीशेजारी, चिरेबंदी. उरलेल्या घरात त्यांनी एक छोटं फूल काढलं.

शनिवारी मोठे सर पाहून गेले. ते गणिताचे. एक, दोन, तीन करत एकशे अठरापर्यंत ओळीने आकडे पाहून त्यांना गहिवरून यायचंच बाकी होतं. "वा बाई! सुबक काम!"

सोमवारी रसायनच्या मॅडम आल्या. वयाने बाईंच्या मुलीएवढ्या. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्यांचे पाय थबकले.

"काकू," त्या म्हणाल्या, "हेलियमच्या खाली पोटॅशियम?"

"मग? एकोणीस नंबर आहे. मोजा."

"नंबर बरोबर आहे हो. पण हेलियम कशाच्याच वाटेला जात नाही आणि पोटॅशियम पाण्यात टाकलं तर पेट घेतं. हे दोघं एका रांगेत कसे बसतील? हायड्रोजनच्या खाली आर्गॉन... काकू, हा सगळा तक्ताच मोडला की!"

"एक अक्षर चुकलेलं दाखवा, ब्रश सोडते," बाई तडकल्या.

अक्षर एकही चुकलेलं नव्हतं. तेवढ्यात मोठे सर आले, आणि शनिवारी आपण वा म्हटलं होतं हे आठवून जास्तच चिडले. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता बाहेरच्या शाळांचे पाहुणे ही भिंत बघायला येणार होते. सरांनी तिथल्या तिथे बाईंच्या भाच्याला फोन लावला आणि भिंत झाकेल एवढा फ्लेक्स सांगितला. "आणि यापुढे शाळेतल्या सगळ्या भिंती त्यालाच," हेही बाईंना ऐकू जाईल असं म्हणाले.

बाई शिडीवरून उतरल्या. "सर, शुक्रवारी आठपर्यंत भिंत माझी. चूक माझ्या हातची आहे, ती माझ्याच हाताने पुसणार. आठला भिंत बरोबर नसेल तर फ्लेक्स टांगा. दोरी मी स्वतः बांधते."

सरांनी घड्याळ पाहिलं, भिंत पाहिली. "आठ म्हणजे आठ," म्हणाले आणि निघून गेले.

सोमवारचा दिवस सगळ्यावर पांढरा हात मारण्यात गेला. आपलंच काम पुसताना बाईंना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त त्यांना राग आला होता, आणि राग स्वतःचाच होता. संध्याकाळी मॅडम थांबल्या. त्यांनी खडू घेतला आणि जिन्याखालच्या फरशीवर एक ठिपका काढून भोवती वर्तुळं काढली.

"हा अणू. मधल्या गाभ्यात प्रोटॉन. ते जितके, तितका त्या मूलद्रव्याचा नंबर. एक प्रोटॉन तो हायड्रोजन, दोन तो हेलियम. एक वाढला की माणूसच बदलला म्हणा. आणि या वर्तुळांत इलेक्ट्रॉन. सगळा स्वभाव ठरतो तो सगळ्यांत बाहेरच्या वर्तुळावर. लिथियम, सोडियम, पोटॅशियम, तिघांच्याही बाहेरच्या वर्तुळात एकेकच. तो कधी एकदा देऊन टाकतो असं त्यांना झालेलं असतं. म्हणून स्वभाव सारखा, म्हणून एकाखाली एक. हे क्लोरीन, ब्रोमीन, यांना एक कमी पडतो, हे सदा दुसऱ्याचा ओढायला टपलेले. आणि शेवटच्या रांगेतल्यांचं बाहेरचं वर्तुळ भरलेलं."

"ना कुणाचं घेणं ना कुणाचं देणं."

"अगदी! उभी रांग म्हणजे घराणं, काकू."

"असं आधी सांगायचं! मी आडवं वाचत बसले." बाईंनी फरशीकडे निरखून पाहिलं. "मग हायड्रोजन पण त्या पेट घेणाऱ्यांतलाच?"

"त्याच्याकडेही एकच इलेक्ट्रॉन, म्हणून त्यांच्या डोक्यावर बसतो. पण तो वायू, ते धातू. त्या घराण्यातला नव्हे."

"म्हणजे वरच्या मजल्यावरचा भाडेकरू," बाई म्हणाल्या. "त्याला रंग वेगळा देते."

मंगळवारी खडूची दोरी ताणून अठरा उभे रकाने पाडले. वरचा उजाड माळ बाईंनी तसाच सोडला. दर वेळी शिडीवरून तिकडे नजर गेली की त्यांचा हात शिवशिवायचा, पण सोडला. बुधवारी रंग. आता पेंटरच्या कामात रंग कालवला की तो एका दमात संपवावा लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी तीच छटा जमता जमत नाही. त्यामुळे बाईंनी घरं ओळीने न भरता घराण्याने भरली. तांबडा कालवला तो लिथियमपासून खाली सरळ फ्रान्सियमपर्यंत. हिरवा फ्लोरीनच्या घराण्याला, जांभळा हेलियमच्या. रंग भरताना तोंड चालूच. "या, सोडियमराव, सरका खाली. निऑनबाई, तुम्हाला काय, तुम्ही बसा आपल्या तोऱ्यात." मधल्या सुट्टीत शाळेतल्या मुली घोळक्याने ऐकायला थांबत, आणि मॅडमही तास नसताना एक खुर्ची टाकून बसत.

गुरुवारी अक्षरं आणि आकडे. हे काम मात्र ओळीने, कागदाकडे एक नजर, भिंतीवर एक हात. दुपारी तीनच्या सुमारास बाई पाचव्या ओळीच्या उजव्या टोकाकडे आल्या. बावन्न नंबर टेल्युरियम, वजन १२७.६०. त्रेपन्न नंबर आयोडीन. कागद म्हणत होता १२६.९०. बाईंचा ब्रश हवेतच थांबला. इतका वेळ वजन घरागणिक चढत आलंय असंच त्यांना वाटलं होतं. इथे ते चक्क उतरत होतं. मॅडम पाहुण्यांच्या तयारीसाठी बाहेर गेलेल्या. दहा दिवसांपूर्वीच्या बाई असत्या तर त्यांनी एक तर न वाचता लिहून टाकलं असतं, नाहीतर कागद आखणाऱ्याला चार शिव्या घालून दोन्ही आकड्यांची अदलाबदल केली असती. आता त्या शिडीवरून उतरल्या, सात पावलं मागे गेल्या आणि कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिल्या. किती तरी वेळ. मग मान डोलावली, वर चढल्या आणि १२६.९० असंच लिहिलं.

शुक्रवारी पावणेआठला भाचा आला. खांद्यावर फ्लेक्सची गुंडाळी, हातात दोरी, तोंडावर बारा वाजलेले. "आत्या, सरांनी बोलावलं म्हणून..."

"काम आहे तुझं, लाजतोस काय? उभा राहा तिथे."

आठला मोठे सर आले. मॅडम फाटकाशी पाहुण्यांच्या स्वागताची मांडणी बघत होत्या. सरांनी कागद हातात घेतला नाही. गणिताच्या माणसाला आकडे पुरतात. ते भिंतीवर बोट फिरवत निघाले. वजनं चढत गेली, बोट चढत गेलं. पाचव्या ओळीच्या टोकाला ते थांबलं.

"एकशे सत्तावीस पूर्णांक साठ," सर म्हणाले. "आणि त्याच्यापुढे एकशे सव्वीस पूर्णांक नव्वद. बाई, क्रम उतरला! पुन्हा तेच! पाहुण्यांसमोर मला तोंडघशी पाडायचं ठरवलंय का तुम्ही?" आणि मागे न बघता भाच्याला म्हणाले, "टांगा."

भाच्याने दोरी हातात घेतली, पण त्याचा पाय उचलेना.

बाई पुढे आल्या. सत्तेचाळीस वर्षांत त्यांना अशी भीती वाटली नव्हती. पण आवाज निघाला तो नेहमीचाच.

"सर, क्रम नंबराचा आहे, वजनाचा नाही. बावन्न, त्रेपन्न. बघा, चढताच आहे. गाभ्यात प्रोटॉन किती, त्यावर जागा मिळते. वजनात आणखी काय काय धरलेलं असतं ते मॅडमना विचारा, मला तेवढं येत नाही. पण वजनाने बसवायला गेलात तर हा आयोडीन उचलून ऑक्सिजन-गंधकाच्या घराण्यात टाकावा लागेल. तिथे त्याचं काय काम? तो क्लोरीन-ब्रोमीनचा सख्खा. एक इलेक्ट्रॉन कमी असलेला."

सरांचं बोट भिंतीवरून खाली आलं.

"एवढंच नाही. वर तिसऱ्या ओळीच्या टोकाला चला. आर्गॉन ३९.९५. त्याच्यानंतर पोटॅशियम, ३९.१०. इथेही उतरतंय. काल ते आधी माझ्या ब्रशखालून निसटलं, आज तुमच्या बोटाखालून. वजनाने बसवा म्हणजे पोटॅशियम जाईल हेलियमच्या खाली. हेच मी मागच्या आठवड्यात केलं होतं, सर. तुम्ही वा म्हणालात."

भाच्याला हसू आवरेना. तो गुंडाळीमागे तोंड लपवू लागला.

"आणि भरवसा नसेल तर याचा फ्लेक्स उघडा. त्यातही हेच आकडे असणार. कारण हेच बरोबर आहेत."

भाच्याने गुंडाळीचं एक टोक फरशीवर उलगडलं. सर वाकले. चष्मा नाकावर आणून त्यांनी बावन्न आणि त्रेपन्न नंबरची घरं शोधली. १२७.६०. १२६.९०. दोन्ही आकड्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. उठले तेव्हा आवाज उतरला होता.

"हे तुम्हाला मॅडमनी सांगितलं?"

"नाही. काल त्या नव्हत्या. लिहिताना मलाही चूकच वाटली होती. पण घराला रंग आधीच भरलेला होता, सर, हिरवा. मी मागे जाऊन बघितलं. हिरवा तिथेच शोभत होता, मग आकड्याला काय म्हणायचं ते म्हणू दे म्हटलं."

सरांनी भिंतीकडे पाहिलं. या वेळी बोट न लावता, वरपासून खालपर्यंत, एकेक रांग. मग भाच्याला म्हणाले, "गुंडाळा ते. परत न्या."

"नेतो, सर," भाचा म्हणाला, आणि आत्याकडे बघून हळूच, "माझ्या मशीनला 'असं का' म्हणून विचारलं असतं तर त्याने नुसती शाई थुंकली असती."

बाई शिडीची घडी घालू लागल्या. जीव इतका हलका झाला होता की हातात शिडी आहे हेही त्यांना जाणवत नव्हतं. ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवून त्या निघणार, तेवढ्यात सरांनी हाक मारली.

"कुठे निघालात? हात धुऊन या. पाहुणे नऊला येतील, आणि त्यांच्यातला कुणी तरी हे बावन्न-त्रेपन्न विचारणारच." सर जरा अडखळले. "ते तुम्ही सांगा. मला अजून पक्कं समजलेलं नाही."

बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं लिहिली होती. त्यांत काय लिहिलंय ते कुणी त्यांना कधी विचारलं नव्हतं. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत. तशाच नळाकडे गेल्या आणि नखांतला हिरवा रंग घासून घासून काढत मोठ्याने म्हणायला लागल्या, "आर्गॉन अठरा, पोटॅशियम एकोणीस. टेल्युरियम बावन्न, आयोडीन त्रेपन्न."