रिकाम्या हॉलचा आवाज

मुकादमभाई पहिल्या भेटीतच माझ्यावर खेकसले. जुईनगरच्या ज्या व्हिडिओच्या दुकानात मी कॅमेरामन म्हणून लागलो, तिथे ते एडिटिंग करायचे. पहिल्या लग्नाची कॅसेट त्यांच्यापुढे ठेवली, तर हेडफोन न काढताच म्हणाले, "रिकाम्या हॉलचा आवाज कुठाय?"

मला वाटलं, माणूस सटकलेला आहे.

"पंखे, खुर्च्या, कोन खोकतंय, तो आवाज रे! कार्यक्रमाच्या आधी कॅमेरा चालू ठेवून गप उभं रहायचं. दोन तुकडे जोडले की सांध्यावर टक् वाजतं. तिथे काय भरू, तुझं डोकं?"

तेव्हा दोन व्हीसीआर जोडून एडिटिंग चालायचं. बाकीचे तुकड्याला तुकडा चिकटवून मोकळे होत. भाई प्रत्येक सांध्यापाशी आवाज बोटाने हलकेच खाली आणत, पुढचा तुकडा लागला की तसाच वर नेत, आणि मधल्या फटीत त्याच हॉलचा आवाज अंथरत. कुणाचं बोलणं अर्ध्या श्वासात कापलेलं त्यांना खपत नसे. "मानूस बोलायच्या आधी श्वास घेतो. तो कापलास म्हंजे गळाच दाबलास त्याचा," असं म्हणून माझ्या शूटिंगची लाज काढत.

आमच्या शेठला या सगळ्याचा वैताग. "भाई, टक् वाजलं तर वाजू द्या. वरून गाणं टाका, सगळं झाकून जातं." या माणसाला कान नव्हते, नुसते कानाचे आकार होते.

मग कांबळ्यांच्या मुलीचं लग्न आलं. कांबळे पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर. लग्नात त्यांच्या म्हाताऱ्या आईने थरथरत्या आवाजात बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हटलं होतं. भाईंनी त्यातला एकेक सांधा असा बुजवला की मलाही सापडेना. ते घरी गेले आणि शेठने अख्ख्या कॅसेटवर सिनेमाची गाणी चढवली. मूळ कॅसेट, दुकानाच्या रिवाजाप्रमाणे, पुसून पुढच्या लग्नाला गेली.

काही आठवड्यांनी कांबळे आले. आई गेली होती.

"दादा, आईचा आवाज कुठं गेला? नुसतं तोंड हलतंय."

शेठ म्हणाला, "पण गाणं बघा ना, काय मस्त बसलंय!"

भाईंनी हेडफोन भिंतीवर भिरकावला. "गानं बाजारात मिळतं! यांची आई कुठून आनू आता?" भर दुपारी दुकानाबाहेर माणसं जमली. एवढं मनाजोगतं ओरडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

मग त्यांनी रिकाम्या हॉलांच्या आवाजांची, प्रत्येक लग्नातून स्वतःसाठी उतरवून ठेवलेली आपली कॅसेट लावली. पंख्यांची घरघर, पोरांचा दंगा, आणि कॅमेऱ्याजवळ येऊन म्हातारी विचारते, "चालू झालं का रं? म्या कवा म्हनू?" तेवढंच. कांबळे ती कॅसेट दोन्ही हातांनी धरून घेऊन गेले. त्याच दिवशी भाईंनी दुकान सोडलं आणि न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटकडे कारकुनी धरली.

पुढे त्यांनी मुलीचं, शबानाचं लग्न केलं, आणि वर्षाच्या आतच हार्ट अटॅकने गेले. चाळिसावा झाल्यावर मी उरणजवळच्या त्यांच्या गावी गेलो. शबाना माहेरी होती. तिने तिच्या लग्नाची कॅसेट लावली. व्हिडिओवाला मुलाकडच्यांनी आणलेला. सासरी पाठवताना भाई तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलताहेत, बराच वेळ बोलताहेत. ओठ हलताहेत, आणि वरून गाणं, फुल आवाजात.

"काय म्हणाले होते गं?"

"नाय आठवत, काका. मी रडत होते ना. अब्बांनी ही कॅसेट बघितली, पन सासरच्यांना काय बोलले नाय."

मला त्या व्हिडिओवाल्याचा संताप आला, शेठचा नव्याने आला, पण सगळ्यात जास्त आला भाईंचा. दुसऱ्याच्या आईसाठी नोकरीवर लाथ मारणाऱ्या या माणसाने ही कॅसेट पाहिली होती. पण मुलीचा बाप म्हणून व्याह्यांपुढे एक शब्द काढला नाही! भांडायचं होतं तिथेच गप्प बसले. आता ओरडायचं तरी कुणावर?

शबानाने कॅसेट मागे फिरवली आणि टीव्हीच्या स्पीकरच्या जाळीला कान लावून बसली. गाणं पुन्हा सुरू झालं.