वेगळी काढलेली मूठ

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली, पुढे पत्रांपलीकडे लिहायचा प्रसंगच आला नाही. माझ्यासारख्याच कुणा बाईच्या हाती ही वही पडली तर तिने चुका सांभाळून घ्याव्यात. आज सकाळी सुनेने तांदळाची नवी गोणी सोडली आणि डब्यात ओतताना मध्ये मध्ये कडुनिंबाचा वाळका पाला घातला. तागाचा, कोंड्याचा आणि त्या पाल्याचा मिळून असा कोरडा, कडवट वास उठला की मी होते तिथेच खाली बसले. "आई, चक्कर आली का?" सुनेने विचारलं. मी नाही म्हटलं. इतक्या वर्षांनंतरही तो वास मला एका जुन्या डब्यापाशी नेऊन उभं करतो, हे तिला कसं सांगायचं?

परळच्या आमच्या चाळीत ख्रिस्ती घरं आठ. सगळी नगरकडून गिरणीच्या आशेने आलेली. प्रत्येक घरात चुलीपाशी एक लहान डबा असे. भाताचे तांदूळ धुण्याआधी त्यांतली एक मूठ देवाची म्हणून त्या डब्यात जाई. घरात कितीही ओढाताण असो, आधी ती मूठ, मग आपली पोटं. दर शनिवारी आठही घरांचे तांदूळ माझ्याकडच्या मोठ्या डब्यात जमत आणि महिनाअखेर ते विकून पैसे मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कामाला जात. डबा माझ्याकडे ठेवायचं बायबलबाईंनी ठरवलं होतं. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या या वृद्ध विधवेला आम्ही सगळ्याजणी नुसतं बाई म्हणत असू. "या पोरीचा आवाज कधी कुणी ऐकलाय का? खाली मान घालून असते बिचारी. हिच्याकडेच राहू द्या," त्या म्हणाल्या होत्या. मला तेव्हा अभिमान वाटला. गप्प राहणं म्हणजेच चांगलं असणं, असं मी लहानपणापासून धरून चालले होते.

पवित्र या शब्दाची मला भीती वाटे. तो शब्द पाळकसाहेबांचा, पांढऱ्या झग्याचा; आपला नव्हे. बाई मात्र डब्यातली मूठ उचलून दाखवत. "पवित्र म्हणजे सोवळं नाही गं. पवित्र म्हणजे वेगळं काढलेलं. हे तांदूळ त्याच गोणीतले, पण आता ते देवाचे. तुलाही त्याने असंच उचललंय. मग परत गोणीत उडी मारायची नाही!" आणि स्वतःच खुदकन हसत.

मग ती थंडी आली. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं. सकाळी घोषणा, दुपारी धावपळ, आणि मग लालबागच्या बाजूने गोळीबाराचा आवाज. तो एकदा ऐकला की पुढे कुणाच्या हातून पातेलं पडलं तरी जीव उडे. संचारबंदी लागली, गिरण्या थंडावल्या. आमचे हे मोर्चाला गेले ते परतलेच नाहीत. चौथ्या दिवशी कुणी निरोप आणला की पकडलेल्यांत आहेत, जिवंत आहेत. घरात मी आणि चार वर्षांची मुलगी. पीठ संपलं, मग डाळ संपली. कोपऱ्यात देवाचा डबा अर्ध्याहून अधिक भरलेला.

शेजारी मालवणी काकी होत्या, खालच्या मजल्यावर आमच्याच मंडळीतली दोन घरं होती. कुणाचंही दार वाजवलं असतं तर वाटीभर तांदूळ मिळाले असते. मी दारापर्यंत जाई, कडीला हात लावी आणि परत येई. मागायचं कसं, पहिला शब्द कोणता उच्चारायचा, हेच मला सुचत नसे. मागण्यापेक्षा चोरणं मला सोपं गेलं. लिहिताना आजही हात थांबतो, पण खरं तेच आहे. पहिल्या दिवशी एक वाटी काढली आणि शिजवण्याआधी, सवयीने, त्यातलीच एक मूठ परत डब्यात टाकली. तीन आठवडे ते तांदूळ आम्ही दोघींनी खाल्ले.

हे सुटून आले, गिरणी सुरू झाली आणि महिना भरला. बाई डबा न्यायला आल्या. झाकण उघडून आत पाहत राहिल्या. मुलगी माझ्या पायाला बिलगून उभी होती. ती काही बोलेल का, एवढाच विचार माझ्या डोक्यात घुमत होता.

"हे एवढेच?"

"उंदीर," मी म्हणाले. "उंदरांनी खाल्ले."

काकी तेवढ्यात दारात आल्या. "अगो, मगे सांगूक नको? माजो पिंजरो आसा मां!" लगेच त्यांनी पिंजरा आणला, सुक्या बोंबलाचा तुकडा अडकवला आणि माझ्या डब्यापाशी ठेवूनही दिला. सकाळी पाहते तर आत खरोखरच एक भला मोठा उंदीर. काकींनी चाळभर मिरवला. "ह्यो बघा चोर! तांदूळ खाऊन कसो गुबगुबीत झालो तो!" बायका हसल्या, पोरं नाचली. खोटं खरं ठरलं होतं. आता मला कुणी विचारणार नव्हतं, आणि त्याचाच मला घोर लागला.

पुढच्या रविवारी उपासनेत बाई गीताला उभ्या राहिल्या आणि मधेच बसल्या. संध्याकाळी मुलीला घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेले. शेगडीवर लहानशा टोपात कण्या शिजत होत्या, पाण्यासारख्या पातळ. बाजूला ना भाजी, ना आमटी.

"ये गं. या महिन्यात मूठ कमी आली ना, म्हणून माझा पगारही बारीक," त्या हसत म्हणाल्या. "असू दे. उंदरालाही पोट देवानेच दिलंय."

तांदळाच्या पैशांतून बाईंचा पगार निघतो, हे मला ठाऊक नव्हतं. देवाचं घेतलं म्हणून मी रोज गुडघे टेकत होते, रडत होते. आणि घेतलं होतं या म्हातारीच्या ताटातलं. परत फिरावं, असं एकदा मनात आलंही.

"बाई, उंदीर नव्हता. मी होते."

त्यांचा डाव टोपात फिरत होता, तो थांबला नाही. "किती?"

"दोन पायली."

"दार का नाही वाजवलंस?"

"लाज वाटली."

"लाज!" डाव आता टोपावर आपटला. "तुझ्या या लाजेला मी पवित्रपणा समजत आले. माझीच चूक. खाली मान घालून चोरता येतं, खोटंही बोलता येतं. बायकांच्या सभेत सांगशील?"

"सांगेन."

"आणि फेडशील?"

"फेडेन."

"मी घेईन हो. माफ केलंय मी. पण माफी मिळाली म्हणून फेड सुटत नाही." मग त्यांनी मुलीला जवळ ओढलं आणि दोन बशांत कण्या वाढल्या, एक तिला, एक मला. त्या खाणं हीच मला सर्वांत जड शिक्षा होती.

सभेत मी उभी राहिले. चार वाक्यं बोलले असेन. एक बाई उठून निघून गेली आणि पुढे कितीतरी महिने माझ्याशी बोलली नाही. दुसरी हळूच म्हणाली, "म्हणजे तो उंदीर फुकटच गेला की गं!" हसू फुटलं, त्यात मीही रडता रडता हसले. डबा मात्र दुसऱ्या घरी गेला. तो परत कधी माझ्याकडे आला नाही, आणि ते योग्यच होतं.

दोन पायलींचे पाच रुपये ठरले. यांनी एकदम द्यायची तयारी दाखवली, पण मी नको म्हटलं. फाटके कपडे शिवून देऊन महिन्याला एक पावली, म्हणजे चार आणे, मी स्वतः मिळवत असे. पहिल्या पावल्या मी बाईंच्या खिडकीत ठेवून पळत सुटे. मग दारात थांबू लागले. मग एक दोन शब्द बोलू लागले. वीस महिने गेले. आज बाई नाहीत, ती चाळ नाही, माणसंही पांगली. पवित्र होणं एका रविवारी उरकत नाही, ते असं पावली पावलीने, तोंड दाखवत करावं लागतं, एवढं माझ्यापाशी उरलंय.

विसावी पावली मी बाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, पदराच्या टोकाला बांधली, गाठ दातांनी आवळली आणि म्हणाल्या, "फिटले हो पाच रुपये." मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी न बोलावताच आत जाऊन बसले.