रविवारचे वडील

मी सहावीत जाईपर्यंत आमचं घर सगळ्यांच्या मते व्यवस्थित होतं, कारण त्यात आई आणि वडील दोघंही राहत होते. सुरतेच्या बमरोली भागातल्या एका चाळीत पहिल्या मजल्यावर आमची एकच खोली होती. आत मोरी, बाहेर सगळ्यांची मिळून एक गॅलरी. आईला आम्ही माय म्हणायचो आणि वडिलांना आबा. त्यांच्याखेरीज मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान बहीण.

आबा पॉवरलूमवर कामाला होते. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, आणि पाळी बारा तासांची. दिवसपाळी असली की आम्ही उठायच्या आत ते गेलेले असत आणि परत आले की जेवून झोपत. रात्रपाळीच्या आठवड्यात मात्र ते दिवसभर घरात असायचे, भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर टॉवेल टाकून. तेव्हा आम्ही घरात चोरांसारखं वावरायचो. शिटीने आबांची झोप मोडेल म्हणून माय कुकर शेजारणीकडे नेऊन लावायची. मी जिन्यात बसून अभ्यास करायचे. बहिणीला हसू आलं की ती तोंडात फ्रॉकचं टोक कोंबायची. एकदा आबा दुपारी उठले आणि त्यांनी धाकटीच्या नावाने मला हाक मारून पाणी मागितलं. मी पाणी दिलं. चूक दाखवण्याएवढी आमची ओळख नव्हती.

मायचं आणि त्यांचं बिनसलं तेव्हा चाळीतल्या लोकांची बरीच निराशा झाली. आबा दारू पीत नव्हते, हात उगारत नव्हते, त्यांचं बाहेर कुठे काही नव्हतं. माय घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची. तिला जवळच्याच एका कारखान्यात साड्या पॅक करायचं काम मिळत होतं. आबा नाही म्हणाले. का नाही, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मायनेही दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

दहा बाय बाराच्या खोलीत अबोला धरणं सोपं नसतं. त्यासाठी मधे एक माणूस लागतो. ते काम माझ्याकडे आलं. आम्ही जेवायला बसलेलो असायचो, दोघांच्या ताटांत दोन हातांचं अंतर, आणि आबा माझ्याकडे बघून म्हणायचे, “मायले सांग, मीठ कमी शे.” मी मायकडे तोंड वळवून सांगायचे. माय मिठाची बरणी माझ्याकडे द्यायची, मी ती आबांकडे सरकवायचे. असे तीन महिने गेले. खरं सांगायचं तर आबा माझ्याशी तोवरच्या आयुष्यात जितकी वाक्यं बोलले नसतील तितकी त्या तीन महिन्यांत बोलले. सगळी मायसाठी असली तरी.

मग एका दुपारी माय तव्यावरची भाकरी उलटता उलटता मला म्हणाली, “तुझ्या आबांना सांग, असंच राहायचं असेल तर वेगळं राहू.”

मी अकरा वर्षांची होते आणि निरोप पोचवण्यात तरबेज झाले होते. मी शब्दन् शब्द सांगितला. आबांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, “तिले सांग, बरं.”

तेही मी सांगितलं. आई-वडिलांना वेगळं करणारा शेवटचा निरोप मीच पोचवला हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा मला एवढंच वाटलं की आता जेवताना मान सारखी वळवावी लागणार नाही.

गावाकडून मामा आले, आबांचे मोठे भाऊ आले, आणखी दोन जाणती माणसं आली. चाळीच्या गच्चीवर बैठक बसली. माय चहा नेऊन ठेवायची आणि जिन्यात येऊन ऐकत उभी राहायची. डोकी थंड होईपर्यंत आबांनी सुरतेबाहेर सचिन नावाच्या गावी एका भाच्याच्या खोलीवर राहावं, पोरींनी मायजवळ राहावं आणि दर रविवारी दहा ते चार आबांनी पोरींना भेटावं, असं ठरलं. आबांना याच सुमाराला सचिनच्या एका कारखान्यात काम मिळालं, तिथे पाळ्या बदलत होत्या पण रविवार बंद असायचा. काकांनी निघताना आमच्या दोघींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बापाविना पोरींचं कसं होणार म्हणून डोळे पुसले. आबा शेजारीच उभे होते.

पोरकेपणाचे फायदे मला लवकर समजले. घरमालकीण गुजराती होती, आम्ही तिला बेन म्हणायचो. एरवी ती नळाच्या वेळेवरून भांडायची. आता ती मला बोलावून खमण द्यायला लागली, आणि देताना बिचारी, बिचारी म्हणायची. मी चेहरा तसाच ठेवायचे, कारण हसलं की वाटीत कमी पडायचं. शाळेत बाईंनी माझा अपुरा गृहपाठ चालवून घेतला. माय कारखान्यात साड्या पॅक करायला जाऊ लागली आणि आमच्या खोलीत कुकरची शिटी वाजू लागली. शेजारीण मायला म्हणाली की घर कसं सुनं सुनं वाटत असेल. त्या वेळी बहीण आत मोठमोठ्याने कविता म्हणत होती.

पहिल्या रविवारी आबा बरोबर दहाला आले. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. ते आत आले नाहीत. गॅलरीत मायने स्टूल ठेवलं होतं त्यावर पाहुण्यासारखे बसले, पाणी प्यायले. मग त्यांनी घसा साफ केला.

“कितवीमा शे व तू?”

“सहावीत,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग डाव्या हाताच्या तळव्याकडे बघितलं आणि विचारलं, अभ्यास कसा चाललाय. परत तळव्याकडे बघून विचारलं, मैत्रिणी किती आहेत. मी वाकून पाहिलं तर तळव्यावर बॉलपेनने लिहिलं होतं: वर्ग, अभ्यास, मैत्रीण, जेवण. घामाने शेवटचा शब्द फिसकटला होता. मी पाहिलंय हे लक्षात आल्यावर त्यांनी मूठ मिटली. मीच मग आपणहून जेवणाचं सांगितलं, की मला वांगं आवडत नाही.

आम्हाला घेऊन कुठे जायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. सुरतेत ते पंधरा वर्षं राहत होते आणि त्यांना खोली, कारखाना आणि स्टेशन एवढंच माहीत होतं. आम्ही बीआरटीएसच्या बसमध्ये बसलो, शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो आणि त्याच बसने परत आलो. धाकटीला मधेच लघवीला लागली तेव्हा आबा बायकांच्या मुतारीबाहेर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना हात जोडत होते की जरा हिला घेऊन जा. मी होते की शेजारी, पण मी तिला नेऊ शकते हे त्यांना सुचलं नाही, आणि मलाही त्यांची फजिती बघायला मजा येत होती. चारला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी आम्हाला दारात आणून सोडलं. चेहऱ्यावर पाळी संपल्याची सुटका होती.

पण पुढच्या रविवारी ते परत आले, आणि त्याच्या पुढच्याही. तळव्यावरचे शब्द हळूहळू कमी झाले. धाकटी कुत्र्याला भिते, मला दूध चालतं पण साय चालत नाही, असल्या गोष्टी त्यांच्या लक्षात राहू लागल्या. एकदा पालकसभा शनिवारी होती तर ते पाळी बदलून आले. वर्गात सगळ्या आयाच होत्या. आबा एकटेच पुरुष, शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेले. बाईंनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं, की घरी आई-वडील दोघं असलेल्या मुलांचे वडील कधी येत नाहीत, आणि हे वेगळे राहत असून आले. तोवर माझ्या सहा-सात पालकसभा झाल्या असतील, पण वडील आलेली ही पहिली. माझं गणित चांगलं आहे हे बाईंनी सांगितलं तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू कोणीतरी त्यांना चुकीच्या मुलीबद्दल सांगत होतं.

एका रविवारी ते मला कारखान्यात घेऊन गेले. माग बंद होते. त्यांनी ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे धागे दाखवले, एक धागा हाताने तोडला आणि तो पुन्हा कसा गाठतात ते दाखवलं. मग मला गाठायला लावलं. माझी गाठ चारदा सुटली. पाचव्यांदा टिकली तेव्हा त्यांनी ती बोटाने ओढून तपासली आणि माझ्या पाठीवर थाप दिली. शंभर माग एकदम चालू असताना एक धागा तुटला तर त्यांना कसं कळतं, हे मी विचारलं. ते तासभर बोलत होते. आबा इतकं बोलू शकतात, हे बहुतेक त्यांनाही तेव्हाच कळलं असावं.

असं वर्षभर चाललं. मग काकांच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि मुलाकडच्या माणसांनी विचारलं की मुलीचे चुलते बायको-पोरींपासून वेगळे का राहतात. परत गच्चीवर बैठक बसली. पोरींसाठी एकत्र या, पोरींना बाप हवा, असं सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं. पोरी खाली जिन्यात बसल्या होत्या. आम्हाला कोणी विचारलं नाही. मायने एकच अट घातली, की काम सोडणार नाही. आबा हो म्हणाले. पेढे वाटले गेले. बेनने मलाही एक दिला, इतर पोरांना दिला तसाच.

आबा लोखंडी पेटी घेऊन परत आले आणि त्यांच्या जुन्या कारखान्यात लागले. पहिल्याच रविवारी मी आणि बहीण न्हाऊन, केस विंचरून, पावणेदहाला तयार झालो. आबा रात्रपाळी करून आले होते. भिंतीकडे तोंड, डोळ्यांवर टॉवेल. बहीण त्यांच्या डोक्याशी जाऊन बसली आणि अकरापर्यंत बसून राहिली. मायने कुकर उचलला आणि शेजारी गेली.

पुढच्या पालकसभेला माय एकटी आली, अर्धा दिवस खाडा करून. बाईंनी मला विचारलं, आता घरी सगळं नीट आहे ना. मी हो म्हणाले. नीटच होतं. काही महिने मी रागावलेली होते आणि कशावर ते मला सांगता येत नव्हतं. शेवटी एका दुपारी मायबरोबर गॅलरीत कपडे वाळत घालताना मी म्हणाले की आबा सचिनला होते तेव्हा बरं होतं. मला वाटलं ती रागावेल. तिने आबांचा शर्ट झटकला, दोरीवर टाकला आणि आवाज खाली आणून म्हणाली, “माले बी रविवारना माणूसच बरा वाटे.”

माय वर्षभर त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. पण रविवारी सकाळी गॅलरीत स्टूल तीच पुसून ठेवायची, हे मला तेव्हा आठवलं.

ती आबांशी काय बोलली, ते मला माहीत नाही. निरोप माझ्यामार्फत गेला नाही, यावरूनच त्यांचं आता बरं चाललं होतं हे कळत होतं. दिवाळीनंतर आबांनी कामरेजच्या एका कारखान्यात काम धरलं. राहायची खोली तिथेच, आणि रविवारी सुट्टी. बमरोलीहून कामरेज काही परगाव नाही, चाळीतली दोन माणसं रोज मोटरसायकलने जाऊन-येऊन होती. पण आबांनी सगळ्यांना सांगितलं की पोरींच्या शिक्षणासाठी लांब राहावं लागतंय. कोणीही पुढचा प्रश्न विचारला नाही. काकांनी फोनवर मायला सांगितलं की असा बाप नशिबाने मिळतो. गच्चीवर बैठक बसली नाही, कोणी डोळे पुसले नाहीत. बेनने खमणही दिलं नाही. त्याचं मात्र मला वाईट वाटलं.

आबा कामरेजला नऊ वर्षं राहिले. माझी दहावी, बारावी, नंतर कॉलेजचा प्रवेश, सगळं रविवारी ठरलं. माझ्या लग्नात त्यांची ओळख करून देताना मामांनी पाहुण्यांना सांगितलं की यांनी संसार कधी मोडू दिला नाही. आबांनी नम्रपणे मान खाली घातली. मायने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. पाहुण्यांना वाटलं, मुलगी सासरी चालली म्हणून.

धाकटीला यातलं फारसं आठवत नाही. ती म्हणते आबा पहिल्यापासून बाहेरगावी कामाला होते आणि आपलं घर कधी मोडलं नव्हतं. मी तिला सचिन, मग बमरोली, मग कामरेज असा सगळा क्रम समजावून सांगते. ती ऐकून घेते आणि म्हणते, “मग काय फरक होता?” मी सांगायला तोंड उघडते, आणि दर वेळी आबांच्या तळव्यावरच्या त्या चार शब्दांबद्दल बोलू लागते.