दिवा वाढवलाय

वीज कंपनीच्या तक्रार कक्षात फोन घेणाऱ्या येईलरावांचं खरं नाव हजेरीच्या वेळेखेरीज कुणाला आठवत नसे. ‘लाईट कधी येणार?’ असं कुणी विचारलं की ते ‘येईल’ एवढंच म्हणत. त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. दुसरं म्हणणार तरी काय बिचारे? तार कुठे तुटलीय, माणसं कधी पोचणार, हे कक्षाला कुणी कळवतच नसे. शिव्या मात्र थेट कानात येत.

शिव्या खाऊन झाल्या की लोकांना सुरक्षिततेच्या सूचना द्यायच्या, असा वरून हुकूम होता. मेणबत्ती पडद्यापासून लांब ठेवा. झोपण्याआधी दिवा विझवा. इस्त्री, शेगडी, जे काही चालू होतं त्याचं बटण आठवणीने बंद करा. बहुतेक लोक पहिल्याच सूचनेला फोन आपटत. वर्षानुवर्षं हा पाढा वाचून येईलरावांच्या तोंडाला फेस आला होता. घरी ऐकायला एकटी आई होती, आणि ती तर मुळीच ऐकत नसे.

आईचे गुडघे गेलेले. वॉकर धरून मोरीपर्यंत कशीबशी जाई, पण घाईने उठणं आता तिच्या हातात राहिलं नव्हतं. तिची खोली आतली. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत, त्यामुळे लाईट गेली की भर दुपारीही डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. येईलरावांनी तिला बॅटरीचा दिवा आणून दिला. ‘हा कसला मेला पांढराफटक उजेड,’ म्हणून तिने तो उशीखाली सारला आणि पलंगाजवळच्या स्टुलावर, पडद्याला खेटून, आपला तेलाचा दिवा लावला. त्यांनी काडेपेटी लपवली. तिने खालच्या शेजारणीकडून दुसरी मागवली. असं ते चाललं होतं.

त्या दिवशी सकाळी बाहेरच्या खोलीत टेबलावर घोंगडी घालून ते शर्टाला इस्त्री करत होते. एक बाही राहिली आणि लाईट गेली. तोच आतून आवाज आला, “मी दिवा लावते रे.”

येईलरावांचं डोकं फिरलं. हातातली इस्त्री तिथेच घोंगडीवर टेकवून ते आत गेले.

“तू एक दिवस घर पेटवशील. मी दिवसभर तिकडे जगाला सांगतोय, आणि माझीच आई ऐकत नाही.”

“अख्खा संसार दिव्यावर केला मी. पेटलं का कधी?”

“तेव्हा तुला पळता येत होतं.”

हे बोलायला नको होतं. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. येईलराव तसेच एका चुरगळलेल्या बाहीने कामावर गेले. दिवसभर त्यांना त्या बाहीचा राग येत होता, आईचा येत होता आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या कंपनीचा येत होता, कारण त्यांच्याच भागातली लाईट संध्याकाळ व्हायला आली तरी आलेली नव्हती.

मोबाईल कक्षाबाहेर ठेवायचा नियम होता. त्यामुळे आईचा फोन आला तो तक्रारीच्या नंबरावर.

“तक्रार कक्ष, बोला.”

“अरे, मी बोलतेय. दिवा वाढवलाय बरं का.”

“वाढवलायस?”

“हो. सकाळी तू एवढं बोललास ना. आता पडते जरा.”

फोन बंद. म्हणजे म्हातारीने हट्टाला पेटून वात आणखी मोठी केली आणि आता पडद्याशेजारी झोपणार. त्यांनी घरी फोन लावला, तर लागेचना. खालची शेजारीणही उचलेना. तेवढ्यात दुसरा फोन वाजला. लाईट कधी येणार?

“मला काय माहीत,” येईलराव म्हणाले आणि उठले.

“अहो येईलराव, ड्यूटी संपायची आहे,” साहेब मागून म्हणाले.

“येईन,” म्हणत ते जिना उतरलेसुद्धा.

रस्त्यावरचे सिग्नल बंद, प्रत्येक चौकात गाड्यांचा गुंता. स्कूटरवर बसून त्यांनी आपल्या कंपनीला अशा शिव्या घातल्या की त्यांना रोज मिळणाऱ्या शिव्या त्यापुढे मवाळ वाटाव्यात. गल्लीच्या तोंडाशी पोचले, तर दुकानांच्या पाट्या उजळलेल्या होत्या. आली एकदाची. त्यांना जरा हायसं वाटलं. कुलूप उघडलं, तर धूर नाकात शिरला.

धूर बाहेरच्याच खोलीत होता. टेबलावर इस्त्री सकाळी टेकवली तशीच होती, तिच्याखाली घोंगडी काळी पडून कडेने धुमसत होती आणि आईच्या खोलीचं दार टेबलाला लागूनच होतं. येईलरावांनी मेन स्विच खाली ओढला, घोंगडी मोरीत नेऊन टाकली आणि तिच्यावर बादली उपडी केली.

आत आई वॉकर धरून पलंगाच्या कडेवर बसली होती. खोकत होती, उठता येत नव्हतं. त्यांनी मोबाईलचा उजेड स्टुलावर टाकला. दिवा गार होता.

“हा तर विझलाय. तू तर म्हणालीस वाढवलाय.”

“मग? वाढवलाच की. विझवला म्हणू नये दिव्याला.” तिला पुन्हा खोकला आला. “लहानपणी तूच धावायचास, आई, मी वाढवतो, म्हणून. फुंकर मारायला मिळावी म्हणून भांडायचास.”

येईलराव पलंगावर बसले. इतकी वर्षं फोनवर विझवा, विझवा म्हणता म्हणता घरातला हा शब्द त्यांच्या कानातून पार धुऊन गेला होता. तो आठवला असता, तर सुटलो म्हणून त्यांनी निवांत पुढचा फोन घेतला असता. आणि इकडे घोंगडी धुमसत राहिली असती.

“काय जळलं रे?” आईने विचारलं.

“इस्त्री चालू राहिली होती.”

“कुणी ठेवली?”

“मीच.”

आईने चाचपडत त्यांचा हात शोधला. चुरगळलेली बाही बोटांना लागली, ती तिने उगीच सरळ केली.

“लाईट गेली की बटण बंद करावं,” ती म्हणाली. “तुमच्याकडे फोन केला की सांगतात.”

समोरच्या भिंतीवर वरच्या मजल्यावरच्या खिडकीचा उजेड पडला होता. कुणाचा तरी टीव्ही सुरू झाला.

“सगळ्यांची आली वाटतं,” आई म्हणाली. “आपली कधी येणार?”

“येईल,” येईलराव म्हणाले, पण उठून मेन स्विच लावायला काही केल्या त्यांचे पाय उचलेनात.