मेघालयातली निळी खोली

आमच्या आर्णीत एखाद्याला घरजावई म्हटलं की त्याची पाठ वळताच लोक हसतात. म्हणूनच बहुधा, शिलाँगच्या कॉलेजात शिकवणाऱ्या दादाने तिथल्या खासी मुलीशी लग्न ठरवलं तेव्हा ती घरातली सगळ्यात धाकटी लेक आहे, एवढंच सांगितलं. पुढचं सांगायची त्याची छाती झाली नाही.

बाबा आणि मी मुलगी मागायला निघालो. मी तर आनंदाने वेडी झाले होते. वणीच्या खाणीतल्या मातीच्या ढिगाऱ्यांनाच डोंगर समजणारी मी, आणि आमची गाडी चक्क ढगात शिरत होती.

मुलीच्या आईने दारातच पानसुपारी पुढे केली. बाबांचा तंबाखू-सुपारी घोटून केलेल्या खर्र्यावर आयुष्यभराचा हात. त्यांनी ती ओली सुपारी ऐटीत तोंडात टाकली आणि दोन मिनिटांत, त्या थंडीत, घामाने न्हाऊन निघाले. मुलीची आई हसली नाही. मला ती तिथेच आवडली.

मग तिने हिंदीत बोलत घर दाखवलं. एक खोली नुकतीच निळी रंगवलेली होती. नवी गादी, रिकामं कपाट, खिडकीबाहेर पाइनची झाडं. बाबांनी आपली बॅग कपाटात ठेवली. मुलाच्या बापाला मानाची खोली मिळणारच, यात त्यांना शंका नव्हती. जेवून तिथेच मस्त घोरले.

बाहेर दादाचा चेहरा उतरला होता.

"काहून रे, काय झालं?" मी विचारलं.

"ते खोली माही आहे. यायच्यात घर धाकट्या लेकीले भेटते, आन् नवरा तिच्याकडे राहाले येते."

बाबा दारात उभे होते, हे आम्हाला उशिरा कळलं. "म्हंजे मी पोरगी मांगाले नाही, पोरगं द्याले आलो," ते म्हणाले, आणि रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या मामाने आम्हा सगळ्यांना दरीत नेलं. वाटेत पूर्वजांचे दगड लागले. उभे पुरुषांचे, आडवे आज्यांचे. खाली ओढ्यावर झाडाच्या जिवंत मुळांचा पूल होता, आणि मी लहान पोरीसारखी त्यावरून दोनदा पळाले. मामा म्हणाला, त्याच्या आजीच्या भावाने ही मुळं वळवायला घेतली. त्याला स्वतःला यावरून कधी चालता आलं नाही. पेरलेलं त्याच वर्षी घरात आणणारे माझे बाबा बराच वेळ त्या मुळांवरून हात फिरवत राहिले.

तिथेच मुलीच्या आईने मला विचारलं, "तू पण धाकटी ना? मग आर्णीचं घर तुझंच असेल."

मी हसले. पण आत कुठेतरी लागलं, कारण हे मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. बाबा हसले नाहीत. थोड्या वेळाने दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "राहा इथं. पन सणाले येत जाजो."

लग्न झालं. दिवाळीला बाबांनी आमची माडीवरची खोली निळी रंगवून घेतली. का, तर म्हणे रंग चांगला वाटला.

गेल्या महिन्यात केळापूरकडून मला पाहायला पाहुणे आले. पोहे झाले, आणि मुलाच्या काकांनी विचारलं, "पोरगी लग्नानंतर नोकरी सोडून आमच्याकडे येईन ना?"

बाबांनी खर्रा घोटणं थांबवलं.

"ते मंग पाहू. पयले सांगा, तुमचं पोरगं आमच्या इथं राहाले येते का? वर खोली तयार आहे."