भागम्माच्या न्हाणीतली बत्ती

मानवतच्या भागम्माचा राग अख्ख्या पेठेला माहीत होता. दुधात पाणी निघालं, तर ती चरवी दूधवाल्याच्याच पायावर रिकामी करायची. घरात नवऱ्यासमोर मात्र तिचा आवाज कधी चढला नव्हता. तो चढला एका बत्तीवरून.

तिचे यजमान मन्मथअप्पा यांचं घराला लागूनच कापडाचं दुकान होतं. त्यांचा धाकटा भाऊ शिवरुद्र कापसाच्या जिनिंगचा मालक. जिनिंगच्या इंजिनावर वीज व्हायची आणि वाटणीच्या वेळी तिची एक तार थोरल्याच्या घरी आली. तेव्हापासून भावांचं बोलणं बंद, तार तेवढी चालू. अप्पांनी एक बत्ती बैठकीत लावली, दुसरी न्हाणीत. पहाटे अंघोळ करून इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा घोटही घेत नसत.

त्या हिवाळ्यात न्हाणीतली बत्ती लुकलुकायला लागली. महायुद्धाचे दिवस, बल्ब मिळायची मारामार. अप्पांनी परभणीहून खटपटीनं नवा आणला. तोही लुकलुकला.

"शिवरुद्रच करायलाय," अप्पा म्हणाले. "तिकडं बसून माजी बत्ती नाचवायलाय."

"आन् ओल्या भिंतीला हात लागला की मुंग्या येत्यात, ते बी भावजीच करायलेत का?"

"तुला वात झालाय."

एरवी भागम्मा गप्प बसली असती. पण उमादेवी, तिची लेक, पहिल्या बाळंतपणाला येणार होती. बाळंतिणीला याच न्हाणीत ओल्या फरशीवर बसवून रोज कढत पाणी घालायचं होतं.

"जिनिंगच्या तारवाल्याला बोलवा," ती म्हणाली.

"शिवरुद्रच्या दारात? मेलो तरी जाणार न्हाई."

भागम्मानं दात आवळले आणि बत्तीवर नजर ठेवली. संध्याकाळी ती नीट जळायची. बिघडायची ती पहाटे, अप्पांची अंघोळ झाल्यावर. म्हणून एका पहाटे ती न्हाणीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

पूजेचं धोतर अप्पा स्वतः पिळायचे आणि कुणाचा हात लागू नये म्हणून काठीनं उंचावर वाळत घालायचे. बांबूची वळणी मोडून पडली होती. अप्पांना तिच्याहून उंच जागा सापडली होती. त्यांनी ओलंचिंब धोतर बत्तीकडं आडव्या गेलेल्या विजेच्या तारेवर टाकलं. तार झोळीसारखी वाकली, पाणी भिंतीवरून ओघळलं आणि बत्ती लुकलुकायला लागली.

भागम्मा आत शिरली. कोपऱ्यातली कोरडी काठी उचलून तिनं धोतर खाली ओढलं.

"बाटवलंस!" अप्पा ओरडले.

"बाटवलं! पोरीला मारायला निघालात आन् धोतराचं पडलंय तुमाला? वर बघा!"

बत्ती स्थिर झाली होती. अप्पांनी वर बघितलं, धोतराकडं बघितलं.

"मग वाळवायचं कुठं?"

"डोक्यावर घ्या!"

उजाडल्यावर डोक्यावर पदर घेऊन ती थेट जिनिंगवर गेली. शिवरुद्र गादीवर बसला होता.

"वैनी, तुमी? दादाला पाय न्हाईत व्हय?"

"पाय हायेत, अक्कल न्हाई. तारवाला द्या."

ऐकून तो हसला, तशी ती त्याच्यावर उसळली. "दात काय काढता? तार लावून दिलीत, पुन्यांदा बघाया आलात का कदी?"

शिवरुद्रचं हसू गेलं. त्यानं भुजंग तारवाल्याला तिच्याबरोबर धाडलं. भुजंगनं शिडीवर चढून तार तपासली. वरचं सुती वेष्टण कुजून मधे तांबं उघडं पडलं होतं, टोकाचा जोडही निसटत आला होता.

"नवी तार वढतो, बाई."

"आज नवी वढशील, उद्या हे तिच्यावर बी धोतर टाकतील. तोड."

"अप्पांला इचारा की."

"तोड म्हनले ना!"

भुजंगनं न्हाणीची तार तोडली. उमादेवीची न्हाणं कंदिलाच्या उजेडात झाली. बाळंतीण आणि बाळ, दोघं धडधाकट राहिली.

अप्पा पुढं कित्येक वर्षं दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे, की भावानं खुन्नस ठेवून आपली बत्ती तोडली. भागम्माला आत सगळं ऐकू यायचं. एकदा तिला राहवलं नाही. ती गिऱ्हाइकांसमोर येऊन म्हणाली, "त्यांनी न्हाई, मी तोडली. का तोडली ते बी इचारा ह्यांना." आणि आत जाऊन तिनं दार आपटलं.